संगणकाच्या वहीतील नोंद

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला वहीविषयी काही गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागत नाहीत. पानावर क्रमांक असावा, मागील पानाची शिल्लक पुढे ओढलेली असावी, रकमेसमोर ती कोणाच्या हस्ते आणि कशाबाबत हे लिहिलेले असावे, चुकलेला आकडा ब्लेडने खरवडू नये. हे सारे तो वहीपूजनाच्या प्रसादाबरोबरच ग्रहण करतो. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींचीही अशीच एक वही असते आणि तिच्या शुचितेविषयी ती मंडळी आपल्या पेढीवरील जुन्या मुनीमजींइतकीच काटेकोर असतात, ही गोष्ट मला बँकेतून निवृत्त झाल्यावर घरातील तरुण पिढीकडून समजली. तेव्हापासून त्या वहीने माझे मन असे वेधून घेतले आहे की, तिच्याविषयी आपल्या वाचकांशी चार शब्द बोलावेसे वाटतात.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. काही प्रोग्रॅम असे असतात की, त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, वापरता येते आणि सुधारता येते. त्यांना ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर उभा आहे. देशोदेशीचे हजारो लोक त्यात भर घालतात. काहींना त्यांची कंपनी पगार देते, अनेक जण स्वतःचा वेळ खर्चून काम करतात, आणि बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. इतक्या अनोळखी हातांनी लिहिलेल्या वस्तूत अनागोंदी का माजत नाही? त्याची मुख्य कारणे दोन. प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद होते, तिला कमिट म्हणतात. आणि ती नोंद स्वीकारण्यापूर्वी दुसरा कोणीतरी ती वाचून तपासतो, त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत पहिले व्हाउचर आणि दुसरे पासिंग.

नोंदीचे मोल काय असते, हे नोव्हेंबर २००३ मध्ये दिसून आले. त्या काळी लिनक्सची मूळ वही बिटकीपर नावाच्या व्यवस्थेत ठेवली जाई आणि काही लोकांच्या सोयीसाठी तिची एक प्रत सीव्हीएस नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेत उतरवली जाई. मूळ वहीतील मंजूर नोंदीचा हवाला प्रतीतील प्रत्येक नोंदीजवळ असे. एके दिवशी ताळा करताना प्रतीत दोन ओळींचा असा एक बदल आढळला, ज्याला मूळ वहीत जोडच नव्हती. व्हाउचर नाही, पास करणाऱ्याची सही नाही, तरी लेजरमध्ये नोंद आहे! बँकेत असे दिसले असते तर आम्ही जेवणाचे डबे बाजूला ठेवून उभे राहिलो असतो. त्या मंडळींनीही तेच केले.

त्या दोन ओळी वरवर निरुपद्रवी दिसत होत्या. ज्या भाषेत लिनक्स लिहिले आहे त्या सी भाषेत बरोबरीची दोन चिन्हे लागोपाठ लिहिली तर तो प्रश्न होतो: ही संख्या शून्याइतकी आहे काय? तेच चिन्ह एकदाच लिहिले तर ती आज्ञा होते: ही संख्या शून्य कर. त्या जागी संख्या होती वापरणाऱ्याच्या ओळखीची, आणि शून्य ही ओळख सर्वाधिकारी व्यक्तीची असते. म्हणजे ती कळ ठाऊक असलेला कोणीही माणूस क्षणात संपूर्ण संगणकाचा मालक झाला असता. प्रतीतील बदल मूळ वहीत जाण्याची वाट नव्हती, म्हणून अनर्थ टळला. हे कृत्य कोणाचे, ते जाहीरपणे कधीच पुढे आले नाही. ज्या नोंदीला हवाला नाही ती नोंद कितीही सोज्वळ दिसली तरी संशयास्पद, हा आपला पिढीजात नियम तेथे लाखो संगणकांच्या कामी आला.

पुढे एप्रिल २००५ मध्ये, बिटकीपर मोफत वापरण्याची सवलत संपल्यावर, टॉरवाल्ड्स यांनी स्वतःची वही बांधली. तिचे नाव गिट. आज जगातील बहुतेक प्रोग्रॅमर हीच वही वापरतात. तिची रचना कळली तेव्हा मी मनोमन नमस्कार केला. प्रत्येक नोंदीवर ४० अक्षरांचा एक ठसा उमटतो. तो त्या नोंदीतील मजकुरावरून गणिताने निघतो, आणि त्या गणितात आधीच्या नोंदीचा ठसाही धरलेला असतो. मागील पानावरून पुढे आणलेली शिल्लक ती हीच. पाच वर्षांपूर्वीच्या एका नोंदीतील स्वल्पविराम कोणी गुपचूप बदलला, तर तेथून आजपर्यंतचा प्रत्येक ठसा बदलतो आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे वहीची प्रत आहे त्यांना ते कळते.

यंत्राने एवढी कडेकोट वही दिली, तरी तिच्यात काय लिहायचे हे माणसाच्याच हाती राहते. जमाखर्चात सस्पेन्स खाते आणि ‘किरकोळ’ हे शीर्षक जसे आळशी माणसाचे आश्रयस्थान असते, तसे येथे ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘शेवटचा बदल’ आणि पुन्हा ‘अगदी शेवटचा बदल’ अशा नोंदी असतात. लिनक्सच्या मंडळींनी यासाठी शिस्त घालून दिली आहे. एका नोंदीत एकच तर्कशुद्ध बदल असावा. काय बदलले ते संहिताच सांगते, म्हणून का बदलले हे शब्दांत लिहावे. जुन्या चुकीची दुरुस्ती असेल तर ती चूक ज्या नोंदीने आली तिचा ठसा द्यावा. आणि शेवटी कर्त्याने आपले नाव लिहून, हे काम देण्याचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही द्यावी. ही ग्वाहीची ओळ २००४ पासून आली. लिनक्समधील काही मजकुराच्या मालकीविषयी न्यायालयात वाद उपस्थित झाल्यानंतर तिची निकड भासली. तपासणाऱ्याचे नाव, चाचणी घेणाऱ्याचे नाव, इतकेच काय, चूक प्रथम दाखवून देणाऱ्याचे नावही नोंदीखाली येते. ही शेवटची पद्धत मला फार आवडली. फरक शोधून देणाऱ्या कारकुनाचे नाव लेजरमध्ये लिहिलेले मी आयुष्यात पाहिले नाही.

एका नोंदीत एकच बदल हा आग्रह केवळ नीटनेटकेपणाचा नाही. गिटमध्ये दोष शोधण्याची एक युक्ती आहे. हजार नोंदींपूर्वी प्रोग्रॅम ठीक चालत होता, आज चालत नाही. मग मधली नोंद घेऊन पाहायचे. ती ठीक निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या अर्ध्यात. असे निम्मे निम्मे करत गेल्यास हजारांतून दोषी नोंद सुमारे १० चाचण्यांत सापडते. ट्रायल बॅलन्सचा फरक शोधताना रात्रीचे दहा वाजवलेल्या माणसाला या १० या आकड्याचा हेवा वाटल्यावाचून राहणार नाही. परंतु त्या एका नोंदीत पन्नास बदल एकत्र कोंबलेले असतील, तर हाती दोष न लागता केवळ गाठोडे लागते.

आता एक नाजूक प्रश्न. ही वही स्वच्छ दिसावी म्हणून प्रोग्रॅमर काय करतात? ते आपल्या स्वतःच्या संगणकावर आधी धडपडतात, चुकतात, परत फिरतात. बदल पुढे पाठवण्यापूर्वी त्या सतरा कच्च्या नोंदी नीट लावून, अनावश्यक गाळून, तीन सुबोध नोंदी करतात. काही विचारवंत मंडळींना हेही पटत नाही; जसे घडले तसे राहू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे. कच्च्या वहीवरून पक्की वही लिहिणे यात लबाडी नाही. (कच्च्या वहीला बाजारात आणखी एक अर्थ आहे, तो येथे अभिप्रेत नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे.) मात्र एकदा नोंद जाहीर वहीत गेली आणि दुसऱ्यांनी तिच्यावर आपले काम रचले, की तिला हात लावायचा नाही. चूक निघालीच तर उलट नोंद करायची. गिटमध्ये त्यासाठी रिव्हर्ट नावाची आज्ञाच आहे. मूळ चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते आणि दोन्हींची कारणेही दिसतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणे आणि तो बंद करता न येणे सक्तीचे झाले, तेव्हा अनेक व्यापारी बंधूंनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. ज्या प्रोग्रॅमरांनी आपली सारी हयात अशा मागाखाली काढली, त्यांना त्यात काहीच नवल वाटले नसेल.

प्रतिक्रमणात आपण दुसऱ्या अणुव्रताच्या पाच अतिचारांची आलोचना करतो. त्यांत कूटलेख आहे, म्हणजे खोटा लेख करणे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते. ही आपण व्यापाऱ्यांनी ओळखलेली बाब. तिचे नाव उच्चारताना मनात वही आणि दस्तऐवज येतातच. त्याच पाचांत आणखी एक आहे, तो मात्र आपण पटकन म्हणून पुढे जातो. सहसाभ्याख्यान. विचार न करता, एकाएकी, दुसऱ्यावर दोष ठेवणे. वहीत खोटे लिहिणे आणि माणसावर उतावळेपणाने आळ घेणे, हे दोन्ही एकाच व्रताचे अतिचार का मानले असावेत, याचे उत्तर मला शास्त्रीय चर्चेपेक्षा बँकेच्या शाखेत अधिक स्पष्ट दिसले होते.

हाताने लेजर लिहिण्याचे दिवस होते. एका तरुण क्लार्कने एकसारख्या नावांच्या दोन खातेदारांत गल्लत केली आणि एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा केली. आपल्या समाजात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारी माणसे एकाच पेठेत किती असतात, हे वाचकांना ठाऊक आहे. पास करणाऱ्या अधिकाऱ्याने चूक पकडली, हे उत्तमच झाले. पण त्याने ते व्हाउचर काउंटरवर आपटून, दहा ग्राहकांच्या देखत, त्या मुलाच्या अकलेपासून संस्कारांपर्यंत सगळे काढले. मुलाने मान खाली घालून दुरुस्ती केली. पुढे काही महिन्यांनी त्याच मुलाला बचत खात्यांच्या बॅलन्सिंगमध्ये एक फरक दिसला. तो त्याचा नव्हता, आधीपासूनचा होता. तो कोणालाही बोलला नाही. तीन तिमाह्या तो फरक तसाच पुढे ओढला गेला आणि तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना सापडला, तेव्हा त्याची मुळे शोधणे कठीण होऊन बसले होते. त्या मुलाने कोणताही खोटा आकडा लिहिला नाही. खरे बोलण्याची किंमत त्याला एकदा कळली होती, इतकेच.

त्याच शाखेत दुसरे एक वरिष्ठ होते. चूक दिसली की ते समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढत, व्हाउचर स्वतः उठून नेऊन देत आणि म्हणत, ‘हे एकदा पाहाल का?’ त्यांच्या हातून चुकीची नोंद सुटल्याचे मला आठवत नाही. माणसे आपली शंका घेऊन त्यांच्याकडे स्वतःहून जात.

लिनक्सच्या जगातही वर्षानुवर्षे कठोर बोलण्याचा बडेजाव होता. खुद्द टॉरवाल्ड्स यांची जीभ प्रसिद्ध होती. काम वाईट आहे, एवढ्यावर न थांबता ते करणाऱ्याचाही उद्धार होई. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीरपणे आपल्या वागण्याबद्दल क्षमा मागितली, काही आठवडे कामापासून दूर राहिले आणि त्याच सुमारास लिनक्सने वर्तणुकीची लिखित संहिता स्वीकारली. इतक्या उंचीवरच्या माणसाने सर्वांसमोर क्षमा मागावी, तीही संवत्सरीच्याच महिन्यात, याचे मला कौतुक वाटले. त्यांना संवत्सरीची वार्ताही नसणार, तो भाग निराळा.

मात्र सौम्य बोलणे म्हणजे पटापट पास करणे असा अर्थ कोणी घेतला तर तो घातक ठरेल. ओपनएसएसएल या प्रोग्रॅमवर इंटरनेटवरील कितीतरी गोपनीय व्यवहार विसंबून असतात. त्यात एक दोषयुक्त बदल ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री वहीत गेला. तपासणारा एकच होता आणि त्याच्या नजरेतून तो निसटला. समोरचा संगणक म्हणे, मी इतकी अक्षरे पाठवली आहेत, तेवढी मला परत कर. आणि हा प्रोग्रॅम खरोखर तेवढी आली का हे न मोजता, कमी पडलेली अक्षरे आपल्या स्मृतीतून भरून परत करी. त्यांत पासवर्डही जात. एप्रिल २०१४ मध्ये हा दोष उघडकीस आला आणि त्याला हार्टब्लीड असे नाव पडले. वर्षअखेरीच्या रात्री पास झालेल्या नोंदींविषयी बँकेतल्या माणसाने अधिक काय बोलावे!

त्याहून विलक्षण प्रकार एक्सझेड या प्रोग्रॅमचा. फायली आटोपशीर करण्याचे ते एक साधन, बहुतांशी एकच माणूस ते अनेक वर्षे विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याला टोचणी लावली: काम फार संथ आहे, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. आपली प्रकृती आणि मनःस्थिती ठीक नाही, हे काम बिनपगारी आहे, असे त्याने लिहूनही टोचणी थांबली नाही. त्याच काळात एक मदतनीस मात्र गोड बोलत, नियमित आणि नीटनेटक्या नोंदी देत जवळ आला व सहसंचालक झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच मदतनिसाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत एक चोरदरवाजा होता. त्याचा काही भाग चाचणीच्या फायली म्हणून वहीत लपवलेला होता, आणि तो जागा करणारा तुकडा जाहीर वहीत नव्हताच. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे खटकले. त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा त्याने केला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जगापुढे ठेवले. वही आणि माल यांचा ताळा न घेतल्याने काय होते, हे आपल्या गोदामवाल्यांना सांगायला नको. मला अधिक लागले ते त्या थकलेल्या माणसाला मारलेले टोमणे. पहारेकऱ्याला शब्दांनी दमवले आणि मग किल्ली मागून घेतली.

येथे आपल्या घरातील इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. दर ऑक्टोबरमध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावण्याचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम असतो. ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये टी-शर्टसाठी असंख्य निरर्थक बदल पाठवले गेले: कुठे माहितीपत्रकात ‘उत्तम’ एवढा शब्द घातला, कुठे एक रिकामी ओळ. त्यांत आपले भारतीय विद्यार्थीही होते. प्रत्येक बदल कोणीतरी उघडून वाचून नाकारावा लागला. शेवटी, जे प्रकल्प स्वतः संमती देतील तेवढेच उपक्रमात धरायचे, असा नियम आयोजकांना उपक्रम चालू असतानाच करावा लागला. दुसऱ्याचा वेळ हेही परधनच आहे, हे टी-शर्टच्या मोहात सुचत नसावे.

आमची सून पुण्यात प्रोग्रॅमर आहे. घरचे आटोपून, मुले निजल्यावर ती लहान दुकानदारांसाठी बिले करणाऱ्या एका मुक्तस्रोत प्रोग्रॅमची नोंद-तपासणी करते. गेल्या हिवाळ्यात एका रात्री ती संगणकाकडे रागाने पाहत बसली होती. कोण्या विद्यार्थ्याने चाळीस बदलांचे एकच गाठोडे पाठवले होते, वर नोंद होती ‘जीएसटी फिक्स’. तिने उत्तर लिहून ठेवले होते, पाठवले नव्हते. मला म्हणाली, ‘पप्पा, वाचून बघा.’ मी वाचले. त्यातील प्रत्येक आक्षेप बरोबर होता. पहिले वाक्य मात्र होते: ‘तुला मूलभूत गोष्टीही येत नाहीत का?’

मी एवढेच विचारले, ‘बेटा, हे वाक्य संहितेच्या कोणत्या ओळीवर आहे?’

ती हसली नाही. म्हणाली, ‘आज हे सहावे आहे, पप्पा. मलाही सकाळी ऑफिस आहे. दर वेळी मीच का समजून घ्यायचे?’ त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही पुरते नाही. तपासणाऱ्याने सौम्य असावे असे सांगणे सोपे आहे. त्याचे टेबल कोणी हलके करावे, हे कोणी सांगत नाही. काही वेळाने तिने पहिले वाक्य काढले. त्या जागी लिहिले की, चाळीस बदल एकत्र तपासणे मला शक्य नाही, ते तीन भागांत पाठवशील का, आणि प्रत्येकाखाली कारण लिहिशील का? पुढे आक्षेप होते तसेच ठेवले, फक्त प्रश्नांच्या रूपात: मालपरत झाली आणि रक्कम ऋण आली, तर ही ओळ काय करील?

मुलगा नऊ दिवसांनी परतला. तीन भाग, प्रत्येकाला कारण. पहिले दोन सुनेने पास केले. त्यांच्याखाली तपासणारी म्हणून तिचे नाव आहे. ऋण रकमेच्या प्रश्नाचे उत्तर देताना त्याला जुन्या संहितेत तिच्याही नजरेतून सुटलेला एक दोष सापडला, तो त्याने न घाबरता लिहिला. तिसऱ्या भागावर मात्र अद्याप चर्चा चालू आहे. कराचे पूर्णांकन बिलातील प्रत्येक ओळीवर करावे की शेवटच्या बेरजेवर, असा तो वाद आहे. मुलगा बेरजेच्या बाजूचा, सून ओळीच्या बाजूची. मला दोघांनीही मत विचारले आहे, आणि मी सध्या आमच्या गल्लीतील किराणा दुकानाची जुनी बिले मागून आणून दोन्ही रीतींनी बेरजा करून पाहत आहे.